बहुमताने चांगलं ठरलेलं पुस्तक

प्रकाशकांच्या त्या पत्राला मी उत्तर पाठवलं नाही, याचं कारण आळस नव्हे. उत्तर लिहायला मी रोज बसत होतो. 'आपले पत्र मिळाले' एवढं वाक्य लिहून झालं की त्यात काही चूक राहिली नाही ना, हे तपासत होतो. चूक सापडत नसे. मग पुढचं वाक्य काय असावं याचा विचार करता करता चहा गार होई, आणि गार चहा बघून ही म्हणे, "प्यायचा नव्हता तर तसं सांगायचं." अशा रीतीने पत्राला उत्तर न देण्याचं काम मी अतिशय नियमितपणे करत होतो.

पत्र थोडक्यात असं होतं. प्रकाशनाला गोदामाची जागा सोडायची आहे. माझ्या कादंबरीच्या 'बऱ्याच' प्रती तिथे पडून आहेत. 'बऱ्याच' हा शब्द धाकट्या प्रकाशकांचा. थोरले असते तर त्यांनी आकडा लिहिला असता आणि मी आजारी पडलो असतो. हल्लीचे वाचक पुस्तक घेण्याआधी इतर वाचकांचे अभिप्राय बघतात, पण पुस्तकंही विकणाऱ्या संकेतस्थळावर माझ्या पुस्तकाखाली एकही अभिप्राय नाही. दोन महिन्यांत निदान पंचवीस वाचकांचे बरे अभिप्राय तिथे दिसले तर पुस्तक यादीत ठेवता येईल. नाहीतर शिल्लक प्रती लगद्याच्या कारखान्यात जातील. आपण काय ठरवता ते कळवावे.

माझं हे एकुलतं एक पुस्तक. नाव सांगत नाही. सांगितलं तर तुम्ही आठवल्यासारखं कराल, आणि ते मला लगेच ओळखता येतं. मी जन्मभर एका छापखान्यात मुद्रितं तपासली. टेलिफोनची डिरेक्टरी मी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलेली आहे, तीही दर वर्षी. तीत पात्रं फार आणि कथानक कमी. ती वाचता वाचता आपणही काहीतरी लिहावं असं मला वाटून गेलं. एका कारकुनाची कहाणी आहे. तो कधी कुणाला दुखवत नाही. बस, एवढंच. थोरले प्रकाशक हस्तलिखित वाचून म्हणाले होते, "शांत पुस्तक आहे." ते किती शांत राहणार आहे, याची कल्पना तेव्हा त्यांनाही नव्हती.

पंचवीस वाचक! मी मनातल्या मनात मोजायला घेतलं. पुस्तक पुरतं वाचलेला पहिला माणूस मी. दुसरा, ज्याने त्याची अक्षरं जुळवली तो जुळारी. पण त्याला त्याचा पगार मिळत होता, शिवाय तो आता हयात नाही. मोजणी इथे संपली. हिनेसुद्धा वाचलेलं नव्हतं. पुस्तक छापून आलं तेव्हा पहिली प्रत मी तिच्याच हातात दिली होती. तिने ती पुढून मागून बघितली, अंगठ्याने पानं फरफरवली आणि म्हणाली, "कागद छान आहे." त्यानंतर मुलगी लहान होती, मग मुलीच्या परीक्षा होत्या, मग मुलीचं लग्न झालं. सवड मिळाली की वाचेल, असं मी धरून चाललो. अशी सवड मिळायला काही संसारांत तीस वर्षं लागतात.

ते पत्र मी रद्दीच्या गठ्ठ्यात ठेवलं होतं. (पुढे जे घडायचं होतं त्याची ही रंगीत तालीम म्हणा.) रद्दी बांधताना ते हिला सापडलं.

"यात लपवण्यासारखं काय आहे?" ती म्हणाली.

"लपवलं नाही. ठेवलं होतं."

"पंचवीस माणसं तर आपल्या लिफ्टमध्ये एका दिवसात भेटतात."

आणि तिला ती भेटली. आमची लिफ्ट इतकी सावकाश चालते की तिसऱ्या मजल्यावरून तळाशी जाईपर्यंत एखाद्याला आपलं सगळं आयुष्य सांगून होतं. हिने सेक्रेटरींना फक्त माझं सांगितलं, त्यामुळे वेळ उरला.

आमच्या इमारतीचे सेक्रेटरी पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेले आहेत. जगातली प्रत्येक अडचण त्यांना दाबाची अडचण वाटते. त्याच संध्याकाळी ते आमच्या दारात उभे.

"काय हे लेखकमहाशय! आम्हाला पत्ताच नाही! इतकी वर्षं आम्ही तुम्हाला तिसऱ्या मजल्यावरचे गळके म्हणून ओळखतोय!"

हे माझं इमारतीतलं नाव. आमच्या बाथरूममधून खालच्या घराच्या छतात पाणी मुरतं. खाली राहणाऱ्या गृहस्थांना त्यामुळे 'ओलवाले' म्हणतात. ते विमा कंपनीत नुकसानीची पाहणी करायचे. आमचं आणि त्यांचं बोलणं नाही. म्हणजे ते बोलतात, मी नाही.

"पुस्तक चांगलं आहे ना?" सेक्रेटरींनी विचारलं.

"ते मी कसं सांगणार?"

"बघा! इथेच दाब कमी पडतो. मी प्रश्न सभेत घेतो."

"नको हो, कृपा करून..." असं मी म्हणालो. पण मी जे म्हणतो ते बहुधा समोरचा माणूस लिफ्टपाशी पोचल्यावर ऐकू येण्याजोगं होतं.

सभेत लिफ्टची दुरुस्ती, जिन्यातले दिवे आणि कुणाची तरी सायकल हे विषय संपल्यावर 'आयत्या वेळचे विषय' या सदरात माझं वाङ्मय आलं. सेक्रेटरींनी पत्र मोठ्याने वाचून दाखवलं. 'लगद्याच्या कारखान्यात' या शब्दांवर ते थांबले आणि सगळ्यांनी वळून माझ्याकडे बघितलं. जणू मलाच तिकडे नेणार होते.

ओलवाले उठले. "आधी माझ्या छताचं बोला."

"छत पुढच्या सभेत. आता साहित्य चालू आहे," सेक्रेटरी म्हणाले. "या इमारतीची अब्रू पणाला लागली आहे. आपल्या सभासदाचं पुस्तक चांगलं आहे असं आपण म्हणायला काय हरकत आहे?"

"मी वाचलेलं नाही. न वाचता चांगलं म्हणणार नाही," ओलवाले म्हणाले.

"अहो, इथे कुणीच वाचलेलं नाही! तुम्हीच एकटे काय अडून बसता?"

ठराव झाला. मी तो नंतर फलकावर वाचला: 'सदर कादंबरी चांगली असून ती सर्व सभासदांना आवडली आहे, असे ही सभा ठरवते. ठराव एकाविरुद्ध बहुमताने मंजूर.' आवड बहुमताने ठरवता येते हे मला ठाऊक नव्हतं. ठरावात मुद्रणदोष एकही नव्हता, एवढं मात्र कबूल करतो.

अनुमोदन दिलं होतं ते सिनेमावाल्या काकूंनी. या पहिल्या मजल्यावर राहतात, आणि लागलेला एकही सिनेमा सोडत नाहीत. त्यांचं मोजमाप रुमालाचं असतं. अर्धा रुमाल म्हणजे बरा, दोन रुमाल म्हणजे सगळ्यांनी बघावाच. त्यांचं म्हणणं पडलं की अभिप्राय द्यायचे तर निदान एकदा चर्चा तरी झाली पाहिजे. म्हणून एका रविवारी तळमजल्यावरच्या हॉलमध्ये, मोडक्या खुर्च्या एका बाजूला सारून, माझ्या पुस्तकावर चर्चा ठेवण्यात आली. टेबलावर माझी एक प्रत मांडली होती. आयुष्यात पहिल्यांदाच मी इस्त्रीचा सदरा कुणाच्याही लग्नाशिवाय घातला.

"रडायला येतं का यात?" काकूंनी सुरुवात केली.

"बहुतेक नाही."

"मग हसायला?"

"तसंही नाही फारसं."

"मग माणसाने बसून करायचं काय?"

अजूनही मी त्यावर विचार करतो आहे.

तळमजल्यावर दवाखाना असलेले दातांचे डॉक्टर मदतीला आले. "मी कुठल्याही पुस्तकाची पहिली दहा पानं बघतो. तोंड उघडलं की कळतं आत काय आहे." त्यांनी प्रत उचलली, दोन पानं बघितली आणि ज्या चेहऱ्याने ते पेशंटला 'पुढच्या आठवड्यात या' म्हणतात त्या चेहऱ्याने खाली ठेवली.

"शेवट कसा आहे?" कुणीतरी विचारलं.

"तो खिडकीपाशी बसलेला असतो," मी म्हणालो.

"आणि?"

"बसलेलाच राहतो."

"मरत नाही?" काकूंना आशा होती.

"नाही."

"परवाच्या त्या सिनेमात बघा, हिरो शेवटी मरतो. दोन रुमाल!"

"मरायला नको होता," डॉक्टर म्हणाले. "तीन तास बसवून ठेवता आणि मारून टाकता? पैसे परत द्या मग."

"अहो, मेला म्हणून तर लक्षात राहिला!"

"मला तर तिकिटाच्या रांगेतला माणूस लक्षात राहिला. माझ्या पायावर पाय देऊन गेला."

तिथून पुढे सभागृहाचे दोन भाग पडले, एक हिरो मरावा म्हणणाऱ्यांचा आणि दुसरा जगावा म्हणणाऱ्यांचा. आवाज चढले. डॉक्टर काकूंना म्हणाले की ज्यांना रडायला आवडतं त्यांना घरी काही कमी असतं. काकू म्हणाल्या की तुमच्या खुर्चीत बसल्यावर आम्ही फुकटच रडतो. त्या दिवसापासून त्यांचं बोलणं बंद आहे. कुणीतरी चहाचा पेला माझ्या पुस्तकावर ठेवला होता. तो उचलून मी प्रत घरी आणली. मुखपृष्ठावर गोल डाग पडला होता. चर्चेत पुस्तकाला जे काही मिळालं ते एवढंच.

पण सेक्रेटरी खचणारे नव्हते. अभिप्राय लिहायचा म्हटला की माणसांची बोटं अडतात हे त्यांनी हेरलं, आणि फलकावर एक नमुना लावला. 'नमुना अभिप्राय. सर्व सभासदांच्या सोयीसाठी. ही कादंबरी मला फार आवडली. त्यातील ______ हे पात्र माझ्या मनाला भिडले. विशेषतः ______ हा प्रसंग वाचताना मी भारावून गेलो / गेले (लागू नसेल ते खोडावे). सर्वांनी अवश्य वाचावी.'

पुढच्या रविवारी सगळ्यांना आपापले मोबाइल घेऊन हॉलमध्ये बोलावलं. लस टोचून घ्यायला उभी राहावी तशी रांग लागली. सेक्रेटरी टेबलाशी बसून एकेकाचा मोबाइल घेत, त्यावर खातं उघडत, येणारे आकडे मोठ्याने विचारत आणि पाच तारे दाबून म्हणत, "आता फलकावरचं लिहा. पुढचा!" मी दाराआड उभा होतो. आत जाऊन 'थांबा' म्हणावं असं दोनदा वाटलं. दोन्ही वेळा कुणीतरी बाहेर येऊन "अभिनंदन!" म्हणालं, आणि मी "आभारी आहे" म्हणालो.

संध्याकाळी हिने मोबाइलवर पान उघडून दिलं. माझ्या पुस्तकाखाली ओळीने तारे! खोटं कशाला बोलू, मी ते दोनदा मोजले. खोटे आहेत हे माहीत असूनही मोजले. मग मी वाचायला लागलो.

'ही कादंबरी मला फार आवडली. त्यातील रिकामी जागा हे पात्र माझ्या मनाला भिडले.'

'विशेषतः डॅश हा प्रसंग वाचताना मी भारावून गेलो गेले लागू नसेल ते खोडावे.'

'नमुना अभिप्राय. सर्व सभासदांच्या सोयीसाठी.' पाच तारे.

डॉक्टरांनी लिहिलं होतं, 'सुरुवातीची पानं मजबूत. पुढे काही किडलेलं असल्यास कल्पना नाही.' पहिल्या मजल्यावरच्या एका बाईंनी त्याच संकेतस्थळावरून मागवलेल्या उशीच्या अभ्र्यांची तक्रार माझ्याच पुस्तकाखाली केली होती: 'रंग जातो.' आणि सिनेमावाल्या काकूंनी म्हटलं होतं, 'पुस्तक ठीक. सिनेमा जास्त चांगला होता.' माझ्या पुस्तकावर सिनेमा निघालेला नाही. तरी त्यांचं मत अकरा जणांना उपयुक्त वाटलं होतं.

पंचवीस केव्हाच झाले होते. सेक्रेटरी वर येऊन पेढे मागितल्यासारखे उभे राहिले. "आता कळवा प्रकाशकांना!" मी 'आपले पत्र मिळाले' लिहिलं. पुढे 'अभिप्राय पूर्ण झाले आहेत' असं लिहिण्यासाठी पेन टेकवलं आणि तसंच उचललं.

बरं झालं लिहिलं नाही. दोन दिवसांनी त्या पानावर लाल चौकटीत मजकूर झळकला: 'या पुस्तकाबाबत एकाच ठिकाणाहून बनावट अभिप्राय आल्याचे आढळले आहे. ग्राहकांनी सावध राहावे.' खाली माझं नाव. पुढे मी बघितलंच नाही; अभिप्राय काढून टाकलेत हे सेक्रेटरींकडून कळलं. आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या चुका खुणा करून दाखवल्या. माझ्या नावाला लाल खूण ही पहिलीच.

"हे म्हणजे तुम्हालाच चोर म्हणण्यासारखं आहे," सेक्रेटरी म्हणाले. जणू आपण त्या गावचेच नाही. "चला त्यांच्या कचेरीत."

कचेरी म्हणजे एक भलं मोठं शेड निघालं. आत खोक्यांचे डोंगर आणि बाहेर एक खिडकी. खिडकीतल्या माणसाने आमच्याकडे न बघता विचारलं, "परत द्यायचंय की बदलून पाहिजे?"

"अभिप्राय काढून टाकलेत तुम्ही," सेक्रेटरी म्हणाले. "ते परत पाहिजेत."

"वस्तूचा प्रकार काय?"

"अभिप्राय."

"नाजूक आहे का?"

"फार," मी म्हणालो. त्या खिडकीत मी बोललेला हा एकच शब्द.

त्याने यंत्रात बघितलं. "बत्तीस काढलेत. एक ठेवलाय. तो खरा आहे म्हणे."

"खरा कशावरून?"

"त्या माणसाने पुस्तक विकत घेतलंय. तुमच्या पुस्तकाची यंदाची विक्री तेवढीच आहे. पुढचा!"

येताना बसमध्ये सेक्रेटरींनी दोघांची तिकिटं काढली. मी खिडकीबाहेर बघत होतो, आणि काय सांगू, त्या लाल चौकटीचं दुःख मागे पडून माझ्या मनात एकच गोष्ट घोळत होती. कुणीतरी घेतलं. कुणीतरी वाचलं.

घरी आल्या आल्या हिला म्हटलं, "पान उघड." तिने चष्मा लावला. लाल चौकटीखाली एकच अभिप्राय उरला होता. एक तारा. ही मोठ्याने वाचू लागली:

"'पुस्तक विकत घेऊन पूर्ण वाचले. छपाईत एकही चूक नाही. कारकून कुणाला दुखवत नाही असे लेखक वारंवार सांगतो. प्रत्यक्षात तो कुणासाठी काहीच करत नाही. घरात नळ वाहतो आहे आणि हा खिडकीपाशी बसून स्वतःच्या चांगुलपणाचा विचार करतो, असे एक पूर्ण पान आहे. हे पान लेखकाला सुंदर वाटलेले दिसते. अशा माणसाची बायको त्याला सोडून का जात नाही, हे शेवटपर्यंत कळले नाही.' खाली लिहिलंय, दुसरा मजला."

"ओलवाले!" मी म्हणालो. "सूड उगवतोय माणूस. छताचा राग पुस्तकावर काढतोय."

ही मोबाइलकडे बघत होती. "उगवू दे की. पण विचारलंय ते बरोबर आहे ना?"

"काय बरोबर आहे?"

"नळाचं पान कितवं?"

ती उठली, कपाटाच्या वरच्या खणातून, चादरींच्या खालून, तिची प्रत तिने काढली आणि खिडकीपाशी जाऊन बसली. माझ्या खुर्चीत.

आपलं पुस्तक समोर बसून कुणी वाचत असताना त्या खोलीत थांबणं मला जमलं नाही. मी जिना उतरलो. कुठे जायचं हे ठरलेलं नव्हतं, पण दुसऱ्या मजल्यावर पाय थांबले आणि बोटाने घंटा दाबली. दार उघडेपर्यंत पळून जावं असं वाटत होतं.

ओलवाल्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. "या. बसा. तिथे नको, तिथे टपकतं. नाहीतर राहू दे, बसा तिथेच, तुमचंच पाणी आहे."

मी तिथेच बसलो. छतावर मोठा तपकिरी डाग होता. इतकी वर्षं मी त्याच्या वर अंघोळ करत होतो, पण तो बघितला नव्हता. टेबलावर माझं पुस्तक होतं, पेन्सिलीच्या खुणांनी भरलेलं.

"तुम्ही कशाला घेतलंत?" मी विचारलं.

"ओलीबद्दल तीनदा चिठ्ठी टाकली तुमच्याकडे. एकीला तरी उत्तर दिलंत? म्हटलं, हा माणूस लिहितो तरी काय ते एकदा बघू."

"आणि?"

"दोनदा वाचलं. पहिल्यांदा चुका काढायला."

"दुसऱ्यांदा?"

"चीड आली म्हणून. वाईट पुस्तकाने चीड येत नाही हो, झोप येते."

हे वाक्य मी लगेच मनात नीट घडी घालून ठेवलं. कुणाही वाचकाने मला दिलेलं ते सर्वांत मोठं शिफारसपत्र आहे. त्याच धुंदीत मी आयुष्यातला सर्वांत धीट प्रश्न विचारला. "मग एक तारा थोडा कमी नाही का?"

"बाथरूमचं काम करून घ्या. दोन देतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी प्लंबर आला. मी बोलावला नव्हता. हिने बोलावला. तो आत फरशी फोडत होता आणि ही बाहेर, त्या आवाजात, माझं पुस्तक वाचत होती. पान उलटताना ती बोट जिभेला लावायची. मी वर्तमानपत्रामागे बसून पानं मोजत होतो. नळाच्या पानापाशी ती बराच वेळ थांबली. तिच्या चेहऱ्यावर मला काही दिसलं नाही. तिचा चेहरा मी कधी मुद्रितासारखा वाचलेला नाही.

दुपारी तिने पुस्तक मिटलं.

"झालं वाचून."

"मग?"

"खालचे म्हणतात ते खरं आहे. ती का जात नाही ते यात कुठेच नाही."

"मला वाटलं होतं, तिचं त्याच्यावर प्रेम आहे हे वाचणाऱ्याला आपोआप कळेल."

आत हातोडा पडत होता.

"जाणार कुठे ती?" मग ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता, भाजीचा भाव सांगावा तसा. "भावाकडे एका खोलीत चार माणसं. हातात नोकरी नाही. पोरगी अंगावर. एकदा तर बॅग भरून दारात ठेवली होती तिने. तो ऑफिसातून आला, बॅगेला वळसा घालून आत गेला आणि खिडकीपाशी बसला. विचारलंसुद्धा नाही, ही कसली बॅग म्हणून. मग तिनेच ती उचलून आत नेली आणि स्वयंपाकाला लागली."

"हे पुस्तकात नाही," मी म्हणालो.

"तेच सांगतेय."

मी आठवायचा प्रयत्न केला. बॅगेचा रंग, वार, महिना, काही म्हणजे काही आठवेना. तिने सांगितलं नसतं तर मी शपथेवर म्हटलं असतं की असं काही झालंच नाही.

"अगं, मग तेव्हा तू..."

"प्लंबरला चहा करायचाय," ती म्हणाली आणि उठून आत गेली.

मी कागद घेतला. 'आपले पत्र मिळाले.' या वेळी चूक तपासली नाही. पुढची वाक्यं एकामागून एक आली, जणू कुणी सांगत होतं आणि मी उतरवून घेत होतो. 'माझ्या पुस्तकाच्या शिल्लक प्रती लगद्यासाठी देण्यास माझी हरकत नाही. आपण सुचवलेले अभिप्राय जमले नाहीत. पुस्तक दोन वाचकांनी पूर्ण वाचले असून दोघांचेही मत एकच आहे. त्यांतील एक अभिप्राय आपल्याला संकेतस्थळावर बघता येईल. दुसरा तिथे दिसणार नाही. तो अधिक जाणकार वाचकाचा आहे. पुस्तकात एक प्रसंग राहून गेला आहे असे त्यांचे म्हणणे आहे, आणि तो लिहिण्यास मी योग्य माणूस नाही.'

"बाहेर चाललाय?" हिने आतून विचारलं.

"पत्र टाकायला."

"पिनकोड लिहिलात ना?"

लिहिला होता. लिफ्ट वाटेत कुठेतरी अडकली होती म्हणून जिन्याने उतरलो. फलकावर ठराव अजून लावलेला होता, त्यावरून नजर फिरवली नाही. कोपऱ्यावर पेटीशी एक बाई आणि तिची मुलगी काकूंच्या त्या दोन रुमालांच्या सिनेमाबद्दल भांडत उभ्या होत्या. हिरो मेला ते बरं झालं, असं मुलीचं म्हणणं होतं. त्या बाजूला होईपर्यंत मी थांबलो. मग पत्र पेटीच्या तोंडात सरकवलं आणि सवयीने धरूनच ठेवलं. मागे कुणीतरी खाकरलं, तेव्हा सोडलं.